डबा मेला की विसरला? टीव्ही रेकॉर्डरमध्ये पुन्हा सॉफ्टवेअर टाकताना



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता टीव्हीचे डबे दुरुस्त करायला लागलात की काय?" आम्ही म्हटलं, दुरुस्ती आम्हाला येत नाही. पण दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या शेजारी स्टूल टाकून आम्ही तीन दिवस बसलो. त्या तीन दिवसांत जे समजलं, ते तुमच्यापैकी अनेकांच्या घरी उपयोगी पडेल, म्हणून आज इथे उभे आहोत.

प्रसंग असा. आमचे एक विद्यार्थी, आता स्वतःच निवृत्त शिक्षक, अकोल्याला जठारपेठेत राहतात. मूळ गाव मूर्तिजापूरकडचं, वावर अजून तिकडेच. २०१७ साल आठवतं ना? बोंडअळीचं वर्ष. त्या वर्षी त्यांच्या वडिलांना सह्याद्री वाहिनीवरच्या शेतीच्या एका कार्यक्रमात बोलायची संधी मिळाली होती. मुलाने फ्री डिशच्या डब्याला हार्ड डिस्क जोडून तो पंचवीस मिनिटांचा कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवला. दोन वर्षांनी वडील गेले. तेव्हापासून दरवर्षी तिथीला घरातली सगळी मंडळी जेवणं आटोपल्यावर ते रेकॉर्डिंग लावतात. नातवंडांनी आजोबांचा आवाज ऐकला तो असाच.

यंदा तिथीच्या आठ दिवस आधी डबा बंद पडला. लाल दिवा लागतो, समोरच्या छोट्या पडद्यावर 'बूट' अशी अक्षरं येतात आणि तिथेच अडकून राहतात. दुकानदार म्हणाला, फेका, नवीन घ्या. यांनी नवीन घेतला. जुनी डिस्क त्याला जोडली, तर टीव्हीवर प्रश्न आला : डिस्क ओळखता येत नाही, फॉर्मॅट करायची का? 'हो' आणि 'नाही'. रिमोट हातात होता. 'हो' वर बोट जाणार तेवढ्यात त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आम्हाला फोन केला. आम्हाला यातलं फार कळत नव्हतं, पण एवढं कळलं की जो प्रश्न आपल्याला समजला नाही, त्याला 'हो' म्हणायचं नसतं. आम्ही सांगितलं, आधी वायर काढा आणि डबा, डिस्क दोन्ही घेऊन अमरावतीला या.

राजकमल चौकाजवळच्या एका गल्लीत आमच्या ओळखीचा एक कारागीर आहे. दहा बाय आठचं दुकान. त्याने डबा हातात घेतला, वीज जोडली, मिनिटभर बघितलं आणि म्हणाला, "सर, हा डबा मेला नाही जी. आपलं काम इसरला फकत." आजचं सगळं व्याख्यान म्हणजे त्या एका वाक्याचं भाष्य आहे.

आता हा डबा असतो काय, ते आधी बघू. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाची सेवा सुरू केली, तिलाच आज आपण डीडी फ्री डिश म्हणतो. महिन्याचं भाडं नाही. छपरावर छत्री लावायची, ती आकाशातल्या ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे वळवायची आणि घरात डबा ठेवायचा. वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत अशा छत्र्या तुम्हाला घरोघर दिसतील. यातल्या बऱ्याच डब्यांना मागे किंवा समोर यूएसबीचं भोक असतं. तिथे पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावली की तोच डबा रेकॉर्डर होतो.

रेकॉर्डर होतो म्हणजे काय करतो? आमच्या पिढीला व्हिडिओ कॅसेट आठवते. तिथे फितीवर चित्राची चुंबकीय नक्कल उमटायची, आणि नकलेची नक्कल काढली की चित्र फिकं पडायचं. इथे तसं नाही. उपग्रहाकडून जे येतं ते आकड्यांच्या रूपातच येतं, लहान लहान पुडक्यांत बांधून. प्रत्येक पुडकं बरोबर १८८ बाईटचं. रेकॉर्डर ही पुडकी उघडतसुद्धा नाही, येतील तशी ओळीने डिस्कवर रचून ठेवतो. नंतर बघायचं असेल तेव्हा तीच पुडकी त्याच क्रमाने उघडतो. सेकंदाला ३ मेगाबिट असा वेग धरला तर तासाभराच्या कार्यक्रमाला सुमारे १.३५ गिगाबाईट जागा लागते. आपल्या पंचवीस मिनिटांना साडेपाचशे मेगाबाईटच्या वर, म्हणजे जवळजवळ तीस लाख पुडकी. हा १८८ चा आकडा लक्षात ठेवा, शेवटी कामी येणार आहे.

म्हणजे आपल्या समोर तीन गोष्टी आहेत. एक, डबा : पत्रा, बोर्ड, आयसी, वायरी. दोन, आज्ञा : डब्याने काय करायचं हे सांगणारं सॉफ्टवेअर. तीन, आठवण : डिस्कवर साठवलेलं रेकॉर्डिंग. बोलताना आपण तिघांनाही 'रेकॉर्डर' म्हणतो आणि 'रेकॉर्डर गेला' म्हणून मोकळे होतो. नेमकं काय गेलं, हे विचारत नाही. सगळा घोटाळा इथे होतो.

आज्ञा राहते कुठे? बोर्डावर आठ पायांची, करंगळीच्या नखाएवढी एक आयसी असते. तिला फ्लॅश मेमरी म्हणतात. आपल्या डब्यातली ८ मेगाबाईटची होती. तुमच्या मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो जेवढी जागा घेतात, तेवढ्या जागेत या डब्याची सगळी अक्कल मावते. वीज आली की डब्याचा प्रोसेसर आधी या आयसीच्या सुरुवातीची थोडीशी आज्ञा वाचतो. तिला बूटलोडर म्हणतात. बूटलोडर हा शाळेच्या शिपायासारखा समजा. तो सकाळी येतो, कुलूप उघडतो, सगळं जागच्या जागी आहे का बघतो आणि मग हेडमास्तरांना आत सोडतो. तपासणी कशी करतो? मुख्य सॉफ्टवेअरमधल्या आकड्यांची ठरलेल्या रीतीने बेरीज करतो आणि शेवटी लिहून ठेवलेल्या बेरजेशी ताडून बघतो. दुकानदार रात्री रोकडवही मिटवतो तसंच. बेरीज जुळली तर मुख्य सॉफ्टवेअर सुरू होतं. जुळली नाही तर शिपाई दारातच थांबतो आणि पडद्यावर 'बूट' तेवढं दिसत राहतं. आपल्या डब्याचं तेच झालं होतं.

बेरीज चुकते का? इथे वऱ्हाडची वीज येते. फ्लॅश मेमरीची एक सवय आहे. तिच्यात एखादं अक्षर बदलायचं तर तेवढंच खोडून लिहिता येत नाही. आजूबाजूची सगळी ओळ, खरं तर पूर्ण ठोकळा, आधी कोरा करावा लागतो आणि मग नव्याने लिहावा लागतो. पाटी पुसली आणि लिहायच्या आधीच वीज गेली, तर पाटी कोरी राहते. वाहिन्यांची यादी बदलताना, नवं सॉफ्टवेअर घेताना डबा या पाटीवर लिहीत असतो. आणि आपल्याकडे वीज जाते ती सांगून जात नाही. जाते, येते, पुन्हा जाते, दोन मिनिटांत चारदा.

दुसरं कारण उन्हाळा. अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो हे तुम्हाला सांगायला नको. अडॅप्टरमध्ये जे नळकांड्यासारखे कपॅसिटर असतात, ज्यांना कारागीर कंडेन्सर म्हणतात, त्यांच्यात ओलसर रसायन असतं. ते हळूहळू वाळतं. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. टीव्हीच्या मागे, वर विणलेला रुमाल घातलेला, कोंडलेल्या हवेत तो डबा पाच-सात उन्हाळे काढतो. मग अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण भार पडला की मिळतात ९. डबा दिवा लावतो, काम करू शकत नाही.

म्हणून आमच्या कारागिराने सॉफ्टवेअरचं नाव काढायच्या आधी मल्टिमीटर काढला. डबा जोडलेला असताना व्होल्ट मोजले आणि अडॅप्टर बाजूला टाकला. आम्ही विचारलं, "अडॅप्टर बदलल्यावर डबा आपोआप सुरू होईल?" तो म्हणाला, "होईल तं बरंच हाय. नाही झाला तरी आधी हेच करा लागते. कमजोर करंटवर सॉफ्टवेअर मारलं तं अर्ध्यात अडकते, मंग शिपाईबी जाते अन् मास्तरबी." शिपायाची उपमा आमची, हे वाक्य त्याचं. नव्या अडॅप्टरवरही 'बूट' तसंच राहिलं. आता निदान पक्कं झालं : डबा शाबूत आहे, आज्ञा बिघडली आहे.

घरी कुणाला करायचं असेल तर क्रम सांगतो, लिहून घेतला तरी चालेल.

पहिलं, डिस्क किंवा पेन ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. डब्याची दुरुस्ती चालू असताना आठवण टेबलावर नको. दुसरं, अडॅप्टर तपासा. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि पिनेची प्लस-मायनस बाजू तीच असलेला दुसरा लावून बघा. ज्या डब्याला अडॅप्टर नसतो आणि २३० व्होल्टची वायर थेट आत जाते, तो घरी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो.

तिसरं, डब्याची ओळख पटवा. वरच्या कंपनीच्या नावावर जाऊ नका. बाजारात एकाच नावाच्या डब्यात वेगवेगळे बोर्ड असतात, आणि वेगवेगळ्या नावांच्या डब्यांत एकच बोर्ड असतो. बोर्डावर छापलेला क्रमांक, मुख्य आयसीचा क्रमांक आणि फ्लॅशचा आकार, हे तिन्ही जुळलं पाहिजे. चुकीचं सॉफ्टवेअर टाकलं तर कधी डबा सुरू होतो पण रिमोट चालत नाही, कधी समोरच्या पडद्यावर भलतीच अक्षरं येतात, आणि कधी शिपायासकट सगळंच जातं.

चौथं, नवं टाकायच्या आधी जुनं वाचून ठेवा. डबा थोडाफार सुरू होत असेल तर अनेकांच्या मेनूमध्ये सध्याचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याची सोय असते. बिघडलेली प्रतसुद्धा टाकून देऊ नये, तिच्यातूनही काहीतरी कळतं.

पाचवं, सॉफ्टवेअर टाकण्याचे तीन मार्ग. डब्याचा मेनू उघडत असेल तर पेन ड्राइव्हवर फाइल ठेवून तिथूनच. मेनू उघडत नसेल, पण बूटलोडर जिवंत असेल, तर सिरियल केबलने लॅपटॉप जोडून. काही डब्यांत समोरचं बटण दाबून धरून वीज सुरू केली की ते पेन ड्राइव्हवरची फाइल उचलतात. आणि काहीच जमत नसेल तर फ्लॅशची आयसी काढून प्रोग्रॅमर नावाच्या छोट्या उपकरणात बसवून थेट लिहायचं. हा तिसरा मार्ग कारागिराचाच. शेवटचं, हे सगळं इन्व्हर्टरवर करा. चार मिनिटांचं काम असतं, पण त्या चार मिनिटांत वीज गेली तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आणि एक इशारा. पैसे न भरता सशुल्क वाहिन्या दिसतील असं सॉफ्टवेअर देतो म्हणून कुणी सांगितलं तर घेऊ नका. ती चोरी आहे, आणि अशा फाइलमध्ये आणखी काय भरलेलं असेल त्याची हमी कुणी देत नाही.

आता आपल्या डब्याकडे वळू. अडचण ही होती की नेमकं याच बोर्डाचं सॉफ्टवेअर कारागिराकडे नव्हतं. इंटरनेटवर सापडलेल्या दोन फाइलींवर त्याचा विश्वास बसेना. आमचे विद्यार्थी म्हणाले, "सर, गावी आमच्या शेजाऱ्याकडे अगदी असाच डबा आहे. दोघांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतले होते." दुसऱ्या दिवशी तो डबा आला. बोर्ड तोच, आयसी तीच. कारागिराने शेजाऱ्याच्या डब्यातली आज्ञा वाचून घेतली, दोनदा वाचली, दोन्ही प्रती एकमेकींशी ताडून बघितल्या आणि मग आपल्या डब्याच्या आयसीवर लिहिली. आयसी परत बसवली, वीज जोडली. 'बूट' आलं, गेलं, आणि पडद्यावर चित्र आलं.

एक गंमत झाली. वाहिन्यांचा क्रम शेजाऱ्याचा होता, आणि मुलांसाठी लावलेलं कुलूपसुद्धा त्याचंच. फोन करून कुलपाचा आकडा विचारावा लागला. कारण आज्ञा आणि रोजच्या सवयी एकाच आयसीवर असतात. एकाची नक्कल काढली की दुसऱ्याचीही निघते.

मग हा डबा कुणाचा? तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतात, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? आस रथ आहे का? चाकं? जू? राजा प्रत्येकाला 'नाही' म्हणतो. मग या सगळ्यांहून वेगळा असा रथ कुठे आहे का? तेही नाही. हे सगळे भाग एका विशिष्ट रीतीने जुळले की व्यवहारात आपण त्याला 'रथ' हे नाव देतो, एवढंच. आमच्या वर्गात हा संवाद आम्ही कितीतरी वर्षं शिकवला. पण अडॅप्टर नवा, आज्ञा शेजाऱ्याची, पत्रा जुना, आणि तरी घरचे म्हणतात "आपला डबा सुरू झाला", हे बघितलं तेव्हा नागसेनांचं म्हणणं हाताला लागलं. 'रेकॉर्डर' हे नाव आहे. दुरुस्ती नावाची होत नाही, भागांची होते. म्हणून कुठला भाग गेला हे आधी विचारायचं.

आणि दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा : त्या भागाची दुसरी प्रत जगात कुठे आहे का?

याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. रिद्धपूर. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी माणसांमाणसांकडे जाऊन चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे धाडीत त्याची मूळ प्रत नाहीशी झाली. तरी ग्रंथ गेला नाही, कारण तो ज्यांना मुखोद्गत होता ती माणसं होती. त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा लिहिला गेला. म्हणूनच आज लीळाचरित्राचे एकाहून अधिक पाठ आहेत. ज्याच्या स्मरणातून आलं त्याची छाप थोडीफार राहिली. शेजाऱ्याच्या वाहिन्यांचा क्रम आला, तसंच म्हणा हवं तर. पण तेव्हा कुणालाच काही आठवत नसतं, तर आज आपल्या हातात नावच राहिलं असतं.

हे आपल्या तीन गोष्टींना लावून बघा. डबा गेला तर बाजारात दुसरा मिळतो. आज्ञा गेली तर तिच्या हजारो प्रती आहेत, एखादी शेजाऱ्याच्या घरीसुद्धा सापडते. आठवण गेली तर? वडिलांच्या त्या पंचवीस मिनिटांची प्रत त्या घरात एकच होती, आणि तिची दुसरी प्रत सात वर्षांत कुणी काढली नव्हती. आपण काळजी कुणाची करतो? डब्याची. त्याच्यावर रुमाल घालतो. ज्याची दुसरी प्रत नाही त्याच्या बाबतीत मात्र 'फॉर्मॅट करू का?' या प्रश्नाला 'हो' म्हणायला निघतो.

डिस्कचं काय झालं ते सांगतो. ज्या वीज जाण्या-येण्यात डबा बिघडला, त्याच वेळी डिस्कवरची अनुक्रमणिकाही बिघडली होती. डिस्कवर सुरुवातीला एक यादी असते : कुठली फाइल कुठल्या जागेपासून कुठपर्यंत. ती यादी वाचता आली नाही की नवा डबा म्हणतो, मला ही डिस्क ओळखता येत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली म्हणून आतली पानं कोरी होत नाहीत. फॉर्मॅट केल्यावर साधारणपणे नवी कोरी अनुक्रमणिका चिकटवली जाते, पानं तेव्हाही जागेवर असतात. पण त्यानंतर डबा जे नवं रेकॉर्ड करेल ते त्याच पानांवर लिहिलं जाईल, आणि मग काही उरणार नाही. म्हणून कुणी चुकून 'हो' दाबलं असेल तरी घाबरू नका, पण त्या क्षणापासून त्या डिस्कवर काहीही लिहू नका.

कारागिराने आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढली. त्याला रात्रभर लागली. मूळ डिस्क कागदात गुंडाळून आमच्या विद्यार्थ्यांच्या हातात दिली आणि पुढचं सगळं काम नकलेवर केलं. मग आला तो १८८ चा आकडा. प्रत्येक पुडक्याचा पहिला बाईट ठरलेला असतो, ७१ हा आकडा. डिस्कवर विखुरलेला एखादा ७१ योगायोगानेही सापडेल, सरासरी दर २५६ बाईटमागे एक. पण बरोबर १८८ बाईटनंतर पुन्हा ७१, त्यानंतर १८८ वर पुन्हा ७१, असं सलग शंभर वेळा योगायोगाने होत नाही. शोधणारा प्रोग्रॅम अनुक्रमणिका विचारतच नाही, तो हा ठेका शोधतो. भजनाच्या खोलीबाहेर उभं राहिलं की शब्द कळत नसले तरी टाळ ऐकू येतो आणि आत भजन चालू आहे हे समजतं, तसं.

इथे एक फरक सांगायला हवा. हे जमलं ते फ्री डिशच्या या डब्याने पुडकी उघडी ठेवली होती म्हणून. महिन्याचं भाडं भरून घेतलेल्या सेवांच्या रेकॉर्डरमध्ये रेकॉर्डिंग बहुधा कुलूपबंद असतं आणि किल्ली त्या डब्याशी बांधलेली असते. डिस्क शाबूत निघाली तरी दुसरीकडे ती वाचता येत नाही. तिथे डबा गेला की आठवणही गेली. तुमच्याकडे तसा रेकॉर्डर असेल, तर घरातली मोलाची गोष्ट त्यातच ठेवून निश्चिंत राहू नका.

हा फक्त तंत्राचा प्रश्न नाही, हक्काचाही आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये टिवो नावाचा रेकॉर्डर आला. त्याचं सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवरच होतं, आणि ते लिनक्सवर, म्हणजे कुणालाही वाचता आणि बदलता येईल अशा मुक्त सॉफ्टवेअरवर उभं होतं. पुढे कंपनीने यंत्रातच अशी तपासणी बसवली की कंपनीची सही नसलेलं सॉफ्टवेअर ते चालवणारच नाही. आज्ञा वाचण्याची मुभा, पण बदललेली आज्ञा आपल्याच यंत्रावर चालवण्याची नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने याला विरोध केला, आणि २००७ मध्ये त्यांच्या परवान्याची जी तिसरी आवृत्ती निघाली तिच्यात याविरुद्ध तरतूद केली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं, ही त्यातली चार क्षेत्रं. विकत घेतलेल्या वस्तूची आज्ञा हरवली तर ती परत मिळण्याची सोय असली पाहिजे, ही मागणी आपण ग्राहक म्हणून करायला हवी. नाहीतर राजकमल चौकातल्या त्या माणसाचा हात कितीही चांगला असला तरी त्याला शेजाऱ्याचा डबा शोधत बसावं लागेल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रेकॉर्डिंग सापडलं. मध्ये दीडेक मिनिट चौकोन चौकोन दिसतात, आवाज तुटतो. तेवढी पुडकी गेली ती गेली. बाकी सगळं आहे. म्हातारे गृहस्थ वावराच्या धुऱ्यावर उभे आहेत, हातात पऱ्हाटीचं बोंड आहे, ते बोटांनी फोडून अळी दाखवत आहेत आणि मुलाखत घेणाऱ्याला सांगत आहेत की हे वरून हिरवं दिसते, आतून पाहा लागते. आमचे विद्यार्थी काही बोलले नाहीत. कारागिराने आवाज थोडा वाढवला आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

निघताना त्याने तीन प्रती करून दिल्या. एक पेन ड्राइव्ह अकोल्याच्या घरी, एक गावच्या भावाकडे, आणि तिसरी त्या शेजाऱ्याकडे, ज्याच्या डब्यातून आज्ञा घेतली होती. मजुरी विचारली तर त्याने अडॅप्टरचे आणि पेन ड्राइव्हचे पैसे घेतले, वर आपल्या कामाचे थोडे.

तेव्हा श्रोतेहो, आज घरी गेल्यावर एकच करा. तुमच्या डब्यात, जुन्या मोबाइलमध्ये, कपाटातल्या डिस्कमध्ये अशी कुठली गोष्ट आहे की जिची दुसरी प्रत नाही, ते बघा. ती आधी काढून घ्या, दोन ठिकाणी ठेवा. डबा त्यानंतर खुशाल बंद पडू द्या, त्याला पुन्हा शिकवणारी माणसं आपल्या गावात आहेत.

नमस्कार. प्रश्न असतील तर आता विचारा.